एका वेळी एकच मेणबत्ती

माझी आतेबहीण सध्या इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला मास्टर्स करतेय. चार मुली मिळून एका जुन्या घरात भाड्यानं राहतात. तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ताईनं फॅमिली व्हिडीओ कॉलवर सहज सांगून टाकलं, "माझी एक हाऊसमेट विच आहे."

"काय आहे?" आत्यानं विचारलं.

"विच गं आई. म्हणजे... चेटकीण."

आत्यानं एक शब्द न बोलता फोन काकांच्या हातात दिला.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात हाच विषय. आत्याचं म्हणणं, घर बदल. बाबांचं म्हणणं, आधी डिपॉझिट परत मिळतं का बघ. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "ओटा पुसते का ती? मग राहू दे."

आणि मी? मी जर्नालिझमची विद्यार्थिनी, त्यात या पुरवणीत इंटर्न. मला स्टोरी दिसत होती. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी हेडिंगसकट आयडिया टाकली, 'चेटकिणीच्या शेजारच्या खोलीत'. सगळे हसले. उपसंपादक मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा शब्द आपल्याकडे कुणाला लावतात, माहितीये? आधी ते वाचून ये. मग बोलू."

म्हणून ही स्टोरी ब्रिस्टलमध्ये नाही, आधी सातपुड्यात सुरू होते.

शब्दाचं ओझं

नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या पाड्यांवर 'डाकीण' हा शब्द आजही घाबरवतो. कुणाचं मूल आजारी पडलं, कुणाची गाय दगावली, की बोट एखाद्या बाईकडे वळतं. बहुतेक वेळा ती बाई एकटी असते, विधवा असते, किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. मग मारहाण, बहिष्कार, गावातून हाकलणं. झारखंडच्या छुटनी महातो यांच्यावर १९९५ मध्ये असाच 'डायन' असल्याचा आरोप झाला. छळ झाला, मुलांना घेऊन घर सोडावं लागलं. त्या खचल्या नाहीत, आपल्यासारख्याच इतर बायकांच्या मदतीला उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. या कायद्याखाली सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

हे सगळं वाचल्यावर माझं हेडिंग मलाच नकोसं झालं. त्यामुळे या लेखात मी 'विच' हाच शब्द वापरणार आहे. कारण ताईच्या हाऊसमेटनं तो स्वतःहून, आनंदानं स्वतःला लावून घेतलाय. सातपुड्यातल्या बाईवर तो लादलेला असतो. दोन्हींसाठी एकच मराठी शब्द वापरणं मला बरोबर वाटत नाही.

पण मग ही विच नेमकी कोण?

तिकडेही हा शब्द कायम गोड नव्हता. १६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलममध्ये विच ठरवून १९ जणांना फाशी दिली गेली आणि एकाला दगडांखाली चिरडून मारलं. स्कॉटलंडमध्ये १५६३ च्या कायद्याखाली शेकडो वर्षांपूर्वी ज्यांचे बळी गेले, त्यांची जाहीर माफी निकोला स्टर्जन यांनी मागितली ती थेट ८ मार्च २०२२ ला, महिला दिनी.

ब्रिटनमध्ये १७३५ चा विचक्राफ्ट अॅक्ट १९५१ पर्यंत पुस्तकात होता. गंमत म्हणजे हा कायदा 'चेटूक करता' म्हणून शिक्षा देत नव्हता, 'चेटूक येतं असं सांगून लोकांना फसवता' म्हणून देत होता. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये, हेलन डंकन नावाच्या बाईंना या कायद्याखाली नऊ महिन्यांची कैद झाली होती!

कायदा रद्द झाला आणि तीनच वर्षांत, १९५४ मध्ये, जेराल्ड गार्डनर या निवृत्त अधिकाऱ्याचं 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक आलं. तिथून 'विका' हा नवा पंथ लोकांसमोर आला. निसर्गाला पवित्र मानायचं, देवी आणि शिंगधारी देव अशी जोडी पुजायची, वर्षातले आठ ऋतुसण पाळायचे आणि कुणाला इजा होईल असं काही करायचं नाही. सैतानाचा इथं काही संबंध नाही. या पंथातल्या बऱ्याच प्रार्थना डोरीन व्हॅलिएंटी यांनी लिहिल्या. पुढे १९५७ मध्ये त्या गार्डनरच्या गटातून मतभेदामुळे बाहेर पडल्या, पण विच म्हणून स्वतःच्या वाटेनं चालत राहिल्या. ब्रायटनमध्ये त्या राहायच्या त्या इमारतीवर २०१३ मध्ये निळी स्मृतिपाटी लागली.

आणि १९८८ मध्ये स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकानं एकट्यानं साधना करणाऱ्यांसाठी गाइड लिहिलं. गट नको, दीक्षा नको, घरातल्या घरात करा. आजच्या बहुतेक तरुण विच या वाटेनं आलेल्या असतात. सगळ्याच स्वतःला विकन म्हणवत नाहीत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार जणांनी आपला धर्म 'पेगन' लिहिला आणि १३ हजारांनी 'विका'.

त्यांच्यातलीच एक ताईच्या शेजारच्या खोलीत राहते. वय २४. नाव छापायचं नाही या अटीवर ती माझ्याशी बोलायला तयार झाली. आमचे तीन व्हिडीओ कॉल झाले. पहिल्या कॉलला मी विचारलं, "तू काय काय जादू करतेस?" ती म्हणाली, "सध्या? काही नाही. मी नुकतीच परत यायला लागलेय."

मला वाटलं, सुट्टीवरून.

शंभर रात्री

तिची सुरुवात आईमुळे झाली. चौदाव्या वर्षी आईनं तिला कॉर्नवॉलमधल्या बॉसकॅसलला नेलं होतं. समुद्राकाठचं चिमुकलं गाव, तिथं १९६० पासून विचक्राफ्टचं म्युझियम आहे. आईला त्यात काही विशेष रस नव्हता, पण लेकीला होता म्हणून ती तास-दीड तास बरोबर फिरली आणि बाहेर पडताना एक पुस्तक घेऊन दिलं. पुढची सहा-सात वर्षं मस्त गेली. खिडकीत छोटी वेदी, वाळवलेली रोजमेरी, शिंपले, पौर्णिमेला मेणबत्ती, एका वहीत नोंदी.

मग आईला कॅन्सर झाला.

"हॉस्पिटलमध्ये माझ्या हातात काहीच नव्हतं," ती म्हणाली. "घरी वेदीपुढे मात्र होतं. निदान असं वाटायचं."

ती रोज रात्री आईसाठी विधी करायला लागली. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन तास. ठरलेल्या रंगाची मेणबत्ती, ठरलेले शब्द. एखादा शब्द चुकला तर पहिल्यापासून. टॅरो कार्ड दिवसातून एकदा काढायची, ती दहा-दहा वेळा काढायला लागली, चांगलं कार्ड येईपर्यंत. ऑनलाइन व्हिडीओंमधून रोज नवं काहीतरी कळायचं, हा क्रिस्टल हवा, तो धूप हवा, अमुक चंद्र चुकवू नका. पार्टटाइम नोकरीचे पैसे त्यात जायचे. शंभरेक रात्री हे चाललं. एका रात्री हॉस्पिटलमधून थकून आली आणि तशीच झोपून गेली. विधी राहिला.

त्यानंतर बारा दिवसांनी, ऑक्टोबरच्या शेवटी, आई गेली.

"मला पक्कं माहीत होतं की माझ्यामुळे गेली," ती म्हणाली. "त्या एका रात्रीमुळे."

कॉलवर मी गप्प झाले. पलीकडे ताईनं तिच्या पुढ्यात चहाचा मग सरकवलेला दिसला.

तिनं सगळं एका खोक्यात भरलं, टेप लावली आणि पलंगाखाली ढकललं. टॅरोची कार्डं बहिणीकडे दिली. झोप उडाली, लेक्चर सुटली, मेणबत्तीचा वास आला तरी छाती धडधडायची. शेवटी युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलरकडे गेली. तिला वाटलं होतं, काउन्सेलर म्हणतील हे खूळ सोडून दे. त्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्या मैत्रिणीची आई गेली असती आणि तिनं हेच सांगितलं असतं, तर तू तिला दोष दिला असतास?"

या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे हे तिला लगेच कळलं. ते स्वतःलाही लागू पडतं हे पटायला मात्र सव्वा वर्ष लागलं.

मीही तेच केलं होतं

इथं माझी एक कबुली. सेकंड इयरला आमच्या हॉस्टेलवर 'तीन-सहा-नऊ'ची साथ आली होती. तुम्हालाही माहीत असेल. हवी ती गोष्ट सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा वहीत लिहायची, की 'युनिव्हर्स' ती देतं. मी रिझल्टसाठी लिहायचे. मधे एक दिवस गावी लग्नाला गेले, तेव्हा राहिलं. एका विषयात एटीकेटी लागली. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? अभ्यास कमी पडला, हा नाही. तो एक दिवस राहिला, हा.

एटीकेटी आणि आईचा मृत्यू, तुलनाच नाही. पण मनाची खोड तीच. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवर आपला ताबा आहे असं मानण्यात सुरुवातीला खूप धीर मिळतो. गोष्ट बिघडली की त्याच धीराचं बिल येतं. कारण माझ्यामुळे नीट होणार असेल, तर बिघडलं तेही माझ्यामुळेच.

परतीची वाट

मग परत कशाला यायचं? मी तिला सरळ विचारलं. इतका त्रास झाला, तर सोडून दे ना.

ती म्हणाली, "मी सोडलंच होतं. पण मग लक्षात आलं की मला आठवण जादूची येत नव्हती. खिडकीची येत होती."

म्हणजे असं. विचच्या वर्षात आठ सण असतात. २१ डिसेंबरच्या आसपास यूल, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. १ फेब्रुवारीला इंबोल्क, थंडी सरत आल्याची पहिली चाहूल. मग वसंतसंपात, १ मेचा बेल्टेन, उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस, ऑगस्टमधली पहिली कापणी, शरदसंपात आणि ३१ ऑक्टोबरला गेलेल्यांची आठवण काढायचा दिवस, सॅमहेन. (मी स्पेलिंग बघून असंच वाचलं. उच्चार 'साविन'च्या जवळ जातो, असं तिनं न हसता सांगितलं.) हे सण पाळायचे तर बाहेर बघावं लागतं. कुठली फुलं आली, दिवस किती वाढला, पानं कधी गळली. ते बघणं तिचं बंद झालं होतं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या रस्त्यावर तिला झाडाखाली स्नोड्रॉपची पांढरी फुलं दिसली. थंडीतही वर येणारं हे फूल तिकडे इंबोल्कच्या सुमाराचं. ती थांबली, बघितलं आणि घरी आली. इतकंच. "तो माझा पहिला विधी," ती म्हणाली.

खोकं उघडलं त्यानंतर महिन्याभरानं. त्या दिवशी तिनं फक्त वस्तू बाहेर काढून पुसल्या आणि परत ठेवल्या. तिला बॉसकॅसलची आठवण आली. २००४ च्या ऑगस्टमध्ये त्या गावात मोठा पूर आला होता. म्युझियममध्ये पाणी आणि चिखल भरला होता. पुढच्या वर्षी ते पुन्हा उघडलं. "त्यांनीही पहिल्या दिवशी जादू केली नसेल," ती म्हणाली. "चिखलच काढला असेल."

आता तिनं स्वतःसाठी काही नियम केलेत. काही काउन्सेलरशी बोलून, काही अनुभवातून. तिच्या परवानगीनं इथं देतेय:

• एका वेळी एकच मेणबत्ती. दहा मिनिटं. मोबाइलचा गजर वाजला की उठायचं.

• मागायचं काही नाही. आज काय दिसलं, ते फक्त म्हणायचं.

• एखादा दिवस राहिला तर राहिला. दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही.

• नवी खरेदी बंद. खिडकीत जे ठेवायचं ते चालताना सापडलेलं असावं.

• टॅरोची कार्डं अजून बहिणीकडेच. घाई नाही.

• शब्द चुकला तर हसायचं आणि पुढे जायचं.

• विधी हे औषध नाही. काउन्सेलिंग त्यासाठी थांबवायचं नाही आणि कुणाच्या आजारावर विधी करायचा नाही, अगदी सर्दीवरसुद्धा.

शेवटचा नियम तिनं दोनदा सांगितला.

अवघड रात्र

सगळं सरळ झालं असं नाही. मागच्या ऑक्टोबरच्या शेवटी आईला जाऊन दोन वर्षं झाली. त्याच दिवसांत सॅमहेन. तिच्या ओळखीचा एक गट त्या रात्री ग्लॅस्टनबरीला जमणार होता, तिलाही बोलावलं होतं. ती गेली नाही. घरी मेणबत्ती लावायला काडी ओढली आणि हात इतका थरथरला की काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली.

"मी किचनमध्ये होते," ताईनं मला नंतर सांगितलं. "ती आली आणि म्हणाली, जमत नाहीये. मी म्हटलं, मग नको लावूस, भात टाकलाय, जेव. तिनं जेवण केलं. आईला आवडायचे म्हणून टोस्ट आणि मार्मलेड असं एक ताट खिडकीत ठेवलं. मला एकदम आपलं पितृपक्षातलं पान आठवलं."

मेणबत्ती तिनं दोन दिवसांनी लावली. तारीख चुकली होती. काही झालं नाही. ती मला म्हणाली, "तारीख चुकली आणि काहीच झालं नाही, हे कळणं ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट होती."

मी विचारलं, "मग तुझा जादूवर विश्वास आहे की नाही?" तिनं बराच वेळ विचार केला. म्हणाली, मेणबत्तीनं कॅन्सर बरा होत नाही हे तिला माहीत आहे. ते आधीही माहीत होतं, पण भीतीपुढे ते टिकलं नव्हतं. आता ती दहा मिनिटं बसते, तेव्हा आईबद्दल रडू आलं तर रडते, नाही आलं तर बाहेर बघते. याला जादू म्हणायचं की नाही, ते मी ठरवावं.

मी ठरवलेलं नाही. माझा स्वतःचा मंत्रतंत्रावर विश्वास नाही. मेणबत्ती कुणाचं दुखणं घेऊ शकत नाही, आणि घेते असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर तो भोंदूच, मग तो इन्स्टावर कितीही छान दिसो. पण दुःखातून उठताना माणसं आपल्या ओळखीच्या जागी परत येतात, हेही मी बघितलंय. लांब नाही, आमच्याच घरात.

आजीचा दिवा

२०२१ मध्ये कोविडमध्ये आजोबा गेले. ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा आजीनं नवस बोलला होता, देवापुढे अखंड दिवा ठेवला होता. पहाटे कधीतरी डोळा लागला आणि दिवा विझला. चार दिवसांनी फोन आला. आजी कुणालाच काही बोलली नाही. देवघराचं दार तिनं लावून घेतलं ते कित्येक महिने उघडलं नाही. आम्हाला वाटलं, देवावर रागावलीय. ती स्वतःवर रागावली होती, हे मला या मुलीची गोष्ट ऐकेपर्यंत कळलं नव्हतं.

तिसऱ्या कॉलला मी तिला हे सांगितलं. ती पुढे सरकून बसली. "मग पहिल्या दिवशी काय केलं आजीनं?"

मला आठवत होतं. एका सकाळी आजीनं चिंचेनं पितळी निरांजन घासलं, पुसलं आणि देवघरात ठेवलं. लावलं नाही. आठवडाभर ते तसंच होतं. मग एका संध्याकाळी तिनं वात घातली.

"हो," ती म्हणाली. "तसंच."

हा लेख लिहून झाल्यावर मी आजीला वाचून दाखवला. आजीनं सगळा ऐकला. दिव्याचा भाग आला तेव्हा पदराशी चाळा करत राहिली. शेवटी म्हणाली, "त्या पोरीला निरोप दे. म्हणावं, रात्रभर जागली असतीस तरी आई गेलीच असती. तुझं काही चुकलं नाही."

मी विचारलं, "आणि तुझं?"

आजी उठली. सात वाजले होते. "दिवा लावायची वेळ झाली," म्हणाली.

निरोप मी ताईकडे पाठवला, इंग्रजी करून. रात्री उशिरा एक फोटो आला. खिडकी, बाहेर अंधार, आत काचेच्या ग्लासात तीन स्नोड्रॉप आणि एक मेणबत्ती. एकच.

*(कुणी गेल्याचं दुःख, सतत वाटणारी अपराधी भावना किंवा थांबवता न येणाऱ्या सवयी यांचा त्रास होत असेल, तर एकट्यानं सोसू नका. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.)*